सोपान कामी आला

चहा घ्या, शेव घ्या, पण एक अट आहे. मधे कुणी हसायचं नाही. शेवटी पोट धरून हसा, मी अडवणार नाही. पण मधे कुणी फिस्सकन हसलं तर मी चपला घालून निघून जाईन. कारण ही फजिती आठवली की आजही माझं डोकं फिरतं, आणि दुर्दैव असं की ज्याच्यावर ओरडावं तो माणूस मीच आहे.

तर ऐका. बांगलादेशची लढाई नुकती संपली होती. मी तेव्हा इथंच शहरात, औरंगाबाद म्हणायचे तेव्हा, एका हायस्कुलात मराठी शिकवत होतो. लढाई संपते न संपते तोच शहरात दुसरी लढाई सुरू झाली. कादंबऱ्यांची! ज्याच्या ज्याच्या खिशाला पेन होतं तो प्रत्येक जण जवानांवर लिहायला बसला. यातल्या एकानंही बंदूक सोडा, शाळेच्या कवायतीतली काठीसुद्धा कधी धड धरली नव्हती.

सगळ्यांत पुढं कोण? आमच्याच शाळेतला चित्रकलेचा मास्तर, दिगंबर. त्यानं आपल्या कादंबरीचं बाड माझ्या टेबलावर आणून आदळलं. "वाचा आणि निःसंकोच सांगा," म्हणाला.

मी वाचलं, आणि तळपायाची आग मस्तकात गेली.

नायक एकोणीस वर्षांचा. छाती हिमालयासारखी. डोळे निखाऱ्यांसारखे. बंदूक नववधूसारखी. छातीत गोळी घुसते ती गुलाबाच्या कळीसारखी! अरे, कळी? ज्या पोराला परवापर्यंत आईला 'स्वेटर घाल' म्हणून ओरडावं लागत होतं, त्याच्या बरगडीत शिसं घुसतंय आणि तुम्हाला फुलं सुचतात? बरं, गोळी लागल्यावर तो मरतो का? छे! दीड पान बोलतो. तेही यमक जुळवून.

तपशिलाचा तर आनंदच होता. लढाई झाली डिसेंबरात आणि ह्याच्या बंगालात आंब्याला पाड लागलेला!

"दिगंबर, मार्गशीर्षात आंबे?"

"सर, ते प्रतीक आहे."

"कशाचं?"

"कोवळ्या वयाचं."

"मग कैऱ्या दाखव, गधड्या! पाडाचे आंबे कशाला?"

त्या दिवशी मी संतापलो म्हणजे असा संतापलो, तापल्या तव्यावरच्या... जाऊ द्या. उपमा नको. संतापलो.

आणि स्टाफरूममध्ये सगळ्यांसमोर जाहीर करून टाकलं, की जवानांवरची खरी कादंबरी मी लिहीन. एकही उपमा नसेल, एकही रूपक नसेल. बूट कुठं चावत होता, डाळ शिजली होती की कच्ची होती, सगळं जसंच्या तसं. शब्दाचा जो अर्थ, तोच अर्थ. "मेलेल्या पोरांवर अलंकार चढवणं हे पाप आहे," असंही म्हणालो. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढं ते माझ्याच गळ्यात येणार आहे.

माझ्या ह्या बाणेदारपणाला एक कारण होतं. मी मूळचा उर्दू शाळेतला. निजामाच्या राज्यात दुसरी शाळा होती कुठं? पोलीस ॲक्शन झाली, मराठी शाळा आल्या, आणि मी मराठीवर तुटून पडलो. सुरुवातच केली जुन्या बखरींपासून. त्यामुळं लढाई, फौज, रसद, मोर्चे यांची भाषा मला कुणी शिकवावी हे मला मंजूरच नव्हतं. दोन भाषांतली लढाई मला तोंडपाठ होती.

नायकही माझ्याकडं तयार होता. सोपान. देवगाव रंगारीच्या रखमाजी नावाच्या मेंढपाळाचा थोरला मुलगा. शहरात बोर्डिंगात राहून आमच्या शाळेत शिकला. पोरगा सरळ, पण माझ्या विषयात दगड. उपमा अलंकाराचं उदाहरण दे म्हटलं की उभा राहायचा आणि म्हणायचा, "मेंढरू मेंढरावानी असतं."

"अरे, उपमेत दोन वस्तू लागतात! मेंढरू दुसऱ्या कशासारखं तरी असायला हवं!"

"पर सर, ते दुसऱ्या कशावानीच नसतं."

"कान धर!"

की तो दोन्ही हातांनी दोन्ही कान धरून उभा राहायचा. आम्हा दोघांचं वर्षभर हेच चाललं. पुढं तो फौजेत गेला, आणि लढाई लागली तेव्हा उत्तरेच्या डोंगरात, कुठल्याशा खेचरांच्या तुकडीत होता. "परत आलो की पहिला चहा तुमच्याकडं, सर," असं सांगून गेला होता. मी त्याच्या भरवशावर कादंबरी सुरू केली होती आणि तो येण्याची वाट चातकासारखी... वाट बघत होतो. बास.

आता गुलमंडीवर या. तिथं माझ्या थोरल्या भावाचं कापडाचं दुकान. शाळा सुटली की मी तिथं गादीवर टेकायचो आणि गिऱ्हाइकांचं मराठी सुधारायचो. भावाला ते आवडायचं नाही, पण तो सोसायचा. फाल्गुनातली गोष्ट. समोरून रखमाजी आला. डोक्याला मुंडासं, खांद्यावर घोंगडी, आणि दोन्ही डोळे लालभडक. पाणी घळाघळा वाहतंय, तो उपरण्यानं पुसतोय, परत वाहतंय.

मी गादीवरून उठलो. म्हटलं, "रखमाजी, या. बसा. सोपानची काय खबर?"

रखमाजीनं डोळे पुसले. म्हणाला, "सर, आपला सोपान लढाईत लई कामी आला बघा."

झालं! माझ्या हातातला चहा बशीत सांडला. लढाईत कामी आला! वीस-बावीस वर्षांचं पोरगं!

"काय सांगता?"

"व्हय की. त्याच्या मोठ्या सायबानं सोता सांगितलं. म्हणला, असा गडी पुन्ना मिळायचा नाय."

"बोलू नका, रखमाजी."

"तसं नाय सर, आयका तर. ती खेचरं—"

"एक अक्षर बोलू नका!" मी ओरडलो. बापानं आपल्या तोंडानं ते सगळं पुन्हा सांगावं, ही कल्पनाच मला सहन होईना. मी त्याचा हात धरला आणि ढसाढसा रडलो. तो माझ्या पाठीवरून हात फिरवत राहिला. मनात म्हटलं, काय धीराचा माणूस आहे! पोटचा गोळा गेला आणि हा मला थोपटतोय!

"लई माया हाय तुमची पोरावर," तो म्हणाला. मग भावाकडं वळला. "भाऊ, समदं पांढरं दाखवा. धोतरं, टोप्या, उपरणी. भावकी मोठी हाये." आणि निघताना मला म्हणाला, "सर, तेराला कार्य हाये घरी. तुमी आलंच पायजे. तुमच्याबिगर मी पानं मांडू द्यायचा नाय."

आता तुम्हीच सांगा. बापाच्या डोळ्यांत पाणी, अंगावर घ्यायला पांढरं कापड, आणि तेराव्याला कार्य! यातून दुसरा काय अर्थ निघतो? लढाई संपून एवढे महिने झाले, मग तेरावा आत्ता कसा, ही शंका मला आली होती, नाही असं नाही. पण मी माझ्या हुशारीनं ते भोकही बुजवलं. सरकारी खबर उशिरा आली असणार. खबर कळल्यापासून सुतक धरतात. संपलं!

घरी येऊन बायकोला सांगितलं. शकुंतला आधी मटकन खाली बसली. डोळ्यांना पदर लावला. आणि थोड्या वेळानं पदर बाजूला करून म्हणाली, "अहो, ते नक्की काय म्हणाले?"

"लढाईत लई कामी आला म्हणाले."

"'लई' म्हणाले?"

"हो!"

"माणूस लई कसा मरेल?"

बघा! घरावर प्रेतकळा आणि हिला व्याकरण सुचतंय! मी भडकलो. "ग्रामीण बोलीत 'लई' हे अव्यय कशालाही लागतं! तुला ठाऊक नसेल तर गप्प बस!" ती गप्प बसली. पण ज्या नजरेनं गप्प बसली ती नजर मला तेव्हाच कळायला हवी होती.

दुसऱ्या दिवसापासून मी नुसता पेटलो. पोरगं देशासाठी गेलं आणि गावातल्या एकाही पेपरात ओळ नाही? मी तडक एका पेपरच्या कचेरीत गेलो आणि संपादकाला उभं-आडवं झापलं. तो बिचारा म्हणत होता, "सर, आमच्याकडं कुठून खबर नाही." मी म्हटलं, "खबर मी आहे! लिहा!" त्यानं लिहिलं. पहिल्या पानावर चौकटीत आलं: 'देवगाव रंगारीचा वीर जवान कामी आला. शिक्षकाच्या डोळ्यांत अश्रू.'

शाळेत शोकसभा ठेवली. हेडमास्तर म्हणाले, "एकदा वडिलांकडून नक्की करून घ्यायचं का?" मी म्हटलं, "ज्याच्या काळजाचे तुकडे झालेत त्याच्याकडून दाखला आणू?" हेडमास्तरांनी अर्धी सुट्टी दिली.

वर्गाच्या फोटोवरून सोपानचं भलं मोठं रंगीत चित्र काढायचं काम दिगंबरकडं गेलं. काढलं त्यानं चांगलं, पण डोक्यामागं उगवता सूर्य घातला. मी म्हटलं, "सूर्य पूस." तो म्हणाला, "सर, प्रतीक आहे." शोकसभा अर्ध्या तासावर आलेली, म्हणून त्या दिवशी तो वाचला. चित्राला चंदनाचा हार घातला.

आणि मी बोलायला उभा राहिलो. ठरवलं होतं, साधं बोलायचं. कोण होता, कुठला होता, कसा होता. पण समोर पोरं मुसमुसतायत, हाराचा वास येतोय, आणि माझ्या तोंडून निघालं काय? "सोपान ताऱ्यासारखा निखळला! तो कापरासारखा जळून गेला! त्याच्या रक्तानं त्या बर्फावर रांगोळी काढली!"

पहिल्या रांगेत दिगंबर हे सगळं लिहून घेत होता. त्याच्या चेहऱ्यावर जो आनंद होता तो शोकसभेत शोभणारा नव्हता. मला तो दिसत होता, पण तोंड थांबेना.

घरी येऊन त्याच तिरीमिरीत कादंबरीचं शेवटचं प्रकरणही लिहून टाकलं. त्यात सोपान मेला. आणि हो, मरताना बोलला. किती, ते विचारू नका.

कार्याचा दिवस उजाडला. मी पांढरं धोतर, पांढरा सदरा, पांढरी टोपी घातली, हारासकट ते चित्र धोतराच्या पानात गुंडाळलं आणि एसटीत बसलो. शकुंतला आली नाही. म्हणाली, "मला अजून त्या 'लई'चा उलगडा झाला नाही." मी दार आपटून निघालो.

देवगाव रंगारीला उतरलो तर लांबून बँड ऐकू येतोय. म्हटलं, वा! जवानाला मानवंदना! डोळे भरून आले. जरा पुढं गेलो. बँड कसला वाजवत होता? सिनेमातली नाचाची गाणी! पोरं त्याच्यापुढं अंग वेडंवाकडं करून नाचतायत! रखमाजीच्या दारात मांडव. मांडवाला आंब्याचे डहाळे. पोरीबाळी नटलेल्या. कढईत बुंदी पडतेय.

माझा तोल गेला. बँडवाल्याच्या हातातली पिपाणी हिसकावली आणि ओरडलो, "बंद करा हा तमाशा! लाजा नाही वाटत? तेराव्याला नाचता?"

बँड बंद पडला. सगळं गाव माझ्याकडं बघायला लागलं. पण खरं भांडण माझं नव्हतंच. ते आधीपासून पलीकडं चालू होतं. रस्त्यावर वैजापूरहून आलेला एक ट्रक उभा होता. त्यात बायकामाणसं, आणि मधे हिरवा शालू नेसलेली, मुंडावळ्या बांधलेली एक पोरगी. ट्रकाच्या फाळक्याला पाठ लावून तांबड्या पागोट्याचा एक गडी हात पसरून उभा होता आणि रखमाजीवर तुटून पडला होता.

"माझी पोरगी खाली उतरणार नाय! मोठं पोरगं लढाईत खपलं आन् तू धाकटं उभं करतोस व्हय रं बोहल्यावर? मला फशिवतोस?"

"नामदेवराव, आवो तसं नाय वो—"

"तसं नाय? वैजापूरच्या मार्केटात धा लोकांनी पेपर वाचून दाखवला मला! त्या मास्तराचं नाव हाये त्यात!"

मला यातलं काही कळत नव्हतं. पण रागात माणसाला कळायची गरज कुठं असते? मी पुढं झालो, धोतराचं पान सोडलं आणि ते हार घातलेलं चित्र दोन्ही हातांनी डोक्यावर धरलं. "भांडताय काय! निदान ह्या पोराच्या आत्म्याची तरी लाज धरा!"

"ह्येच!" नामदेवराव किंचाळले. "ह्येच ते मास्तर! बगा, हार घातल्याला फोटू! मी म्हणत नव्हतो?"

आणि माझ्या मागून आवाज आला, "सर, आलात व्हय?"

मी वळलो. घोडीवर, डोक्याला बाशिंग, गळ्यात झेंडूचा हार, ओठावर मिशी, सोपान!

माझ्या हातात हार घातलेला सोपान. समोर हार घातलेला सोपान. मी एकदा इकडं बघितलं, एकदा तिकडं बघितलं, आणि रखमाजीवर खेकसलो, "हा मेला होता ना!"

"मी कवा म्हणलं मेला?" रखमाजीचं तोंड बघण्यासारखं झालं. "कामी आला म्हणलं! लई कामी आला! तोफा उडाया लागल्या की ती खेचरं बिथरायची, दरीत उड्या टाकायची. ह्यानं आपली मेंढरांची हाळी घातली. समदी खेचरं जागच्या जागी हुबी! सायबाला लई कामी आला, आसं सांगत व्हतो. तुमी मला बोलू दिलं का?"

"आणि तुमचे डोळे? रडत होतात तुम्ही!"

"डोळे आल्ते! साथ नव्हती का? आख्ख्या गावाचे आल्ते!"

"पांढरं कापड?"

"मग काय, पाव्हण्यांच्या आहेराला लाल आणू?"

"आणि तेरावा?"

"तेरा तारीख, सर!"

तिथं मांडवाच्या दारात उभ्या उभ्या मला माझी अक्कल दिसली. उर्दूत शिकलो: जंग में काम आए, म्हणजे मेले. बखरीत वाचलं: लढाईत कामी आले, म्हणजे मेले. दोन्ही भाषांत माणूस मेला होता. तिसरी भाषा देवगाव रंगारीची होती, आणि तिच्यात तो ठणठणीत जिवंत होता! शब्दाचा जो अर्थ तोच अर्थ म्हणून मी छाती ठोकत होतो, आणि एका साध्या माणसाच्या साध्या वाक्याचा अलंकार कुणी केला? मी!

पण माझी लाज नंतर. समोर पोरीच्या लग्नाचा प्रश्न होता. सोपानची सुट्टी दोन दिवसांत संपत होती. आज लग्न लागलं नाही तर पुन्हा कधी, आणि हीच पोरगी मिळेल का, हे कुणालाच सांगता येत नव्हतं. तो घोडीवर तोंड पाडून बसला होता.

मी नामदेवरावांना म्हटलं, "हाच सोपान. मी सांगतो."

"तुमी?" ते असे हसले की मला चपराक बसली. "परवा मेला म्हणता, आज जित्ता म्हणता! उद्या काय म्हणाल? मी सोपानला एकदाच बगितलंय, मिसरूड नव्हतं फुटलं तवा. धाकला बी आसाच दिसतो. गाव रखमाजीचं, मांडव रखमाजीचा, आन् साक्ष द्यायला तुमी!"

बरोबरच बोलत होते. माझ्यावर त्या दिवशी कुत्र्यानंसुद्धा विश्वास ठेवला नसता. डोकं खाजवता खाजवता मला एकच गोष्ट सुचली, आणि ती मास्तरालाच सुचू शकते. मी म्हटलं, "नामदेवराव, परीक्षा घेऊ. धाकटा माझ्या शाळेत नव्हता, सोपान होता. मी एक प्रश्न विचारतो. तो काय चुकीचं उत्तर देईल ते आधीच तुमच्या कानात सांगतो."

ते वाकले. मी कानात सांगितलं, "मेंढरू मेंढरासारखं असतं." त्यांनी माझ्याकडं असं बघितलं की विचारू नका.

मग मी खाकरलो आणि वर्गातल्या आवाजात ओरडलो, "सोपान! उपमा अलंकाराचं उदाहरण दे!"

तो घोडीवरून खाली उतरला. सवयीनं ताठ उभा राहिला. बाशिंगाच्या झालरीतून माझ्याकडं बघितलं, मग खाली बघितलं.

"लढाई," तो म्हणाला, "लढाईवानी असती, सर."

कढईतली बुंदी तेवढी तडतडत होती. मला काय बोलावं ते सुचेना, आणि मला सुचत नाही तेव्हा मी ओरडतो. ओरडलो.

"मूर्खा! उपमेत दोन वस्तू लागतात!"

"पर सर, ती दुसऱ्या कशावानीच नसती."

"कान धर!"

आणि त्या बहाद्दरानं, बाशिंग बांधलेल्या, हार घातलेल्या, लढाई करून आलेल्या त्या जवानानं, भर मांडवाच्या दारात दोन्ही हातांनी दोन्ही कान धरले.

"मेंढरू कुटं गेलं?" नामदेवराव पुटपुटले. "तुमी तर मेंढरू म्हणला व्हता."

तेवढ्यात ट्रकातून खुदकन हसू आलं. मुंडावळ्या बाजूला सारून ती पोरगी बापाला म्हणाली, "आबा, मास्तर ओरडल्यावर आसं कान धरणारा शिकलेलाच आसतो. धाकले तर शाळंत गेलेच नायत. उतरवा मला आता, ऊन लागतंय."

लग्न लागलं. ते चित्र नवरीनं मागून घेतलं. चंदनाचा हार काढला आणि सूर्य तसाच ठेवून घरात टांगलं. सोपाननं मला बुंदी वाढली आणि बूट कुठं चावायचा ते सगळं सांगितलं. घरी आल्यावर मी शेवटचं प्रकरण चुलीत घातलं. शकुंतलेनं का म्हणून विचारलं नाही. नुसतं म्हणाली, "लई जळलं हो."

पण थांबा. हसायला अजून वेळ आहे.

गोंधळाची बातमी लागून त्या पेपरचा वार्ताहरही मांडवात आला होता. त्यानं रखमाजीला विचारलं, हे लग्न जुळलं कसं? रखमाजीनं भरल्या गळ्यानं सांगितलं, आणि त्या गाढवानं तेच शब्द माझ्या नावासकट मथळ्याला टाकले: 'देवगाव रंगारीच्या कार्यात सर लई कामी आले.'

दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता दार वाजलं. उघडलं तर दारात दिगंबर, पांढऱ्या कपड्यात, हातात हार, डोळे सुजलेले. मला बघून त्याच्या हातातला हार गळून पडला.

"सर! तुम्ही... पेपरात..."

"मथळ्याखालचं वाचायचं असतं, गधड्या! मी जिवंत आहे!"

"अरे देवा," तो उंबऱ्यावर बसला. त्याचा चेहरा इतका पडला की मला कळेना, हा आनंद की दुःख. मग त्यानं खिशातून घडी केलेले कागद काढले. "पहाटे पेपर आल्या आल्या तुमच्यावर लिहिलं होतं, सर. शोकसभेसाठी. आता वाया गेलं."

"उपमा आहेत?"

"सगळ्या उपमाच आहेत."

मला असा संताप आला! जिवंत माणसाच्या दारात बसून मेल्याच्या उपमा! म्हटलं, वाच, वाच एकदा, म्हणजे नेमक्या कशासाठी तुला झोडपायचं ते कळेल. तो वाचायला लागला. मी ज्ञानाचा वटवृक्ष होतो. माझी वाणी गोदावरीसारखी होती. माझा राग म्हणजे फणसाचा काटा होता आणि आत नुसता गोडवा होता.

मी कमरेवर हात ठेवून, कपाळाला आठ्या घालून, सगळं शेवटपर्यंत ऐकलं. मग आत वळून ओरडलो, "शकुंतला, दिगंबरला चहा टाक!" आणि त्याला म्हटलं, "ते वडाचं परत वाच."